फरशीखालची लाइन

फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला असतो. “भाऊ, फरशी तर नाही नं फोडावी लागणार?” पाणी कुठं अडतं, कधीपासून अडतं, पावसाळ्यात जास्त की बाराही महिने सारखंच, हे सगळं नंतर. फरशी रोज डोळ्यांसमोर असते, तिच्याखालची गडर लाइन कोणी पाहिलेली नसते, म्हणून काळजी फरशीची. मी नागपुरात घरगुती सांडपाण्याच्या लाइनी टाकतो आणि बिघडलेल्या दुरुस्त करतो. सिव्हिलचा डिप्लोमा केला तेव्हा इमारती उभारायचं मनात होतं. पण सुरुवातीची काही वर्षं एका जुन्या मिस्त्रींच्या हाताखाली गेली आणि जमिनीखालच्या कामाची गोडी लागली ती लागलीच. त्यांच्याकडून शिकलेली एक गोष्ट मला दरवर्षी जास्त पटत जाते. लाइन कशानं बिघडली हे कळेपर्यंत दुरुस्तीची पद्धत ठरवायची नाही. घरमालकानं नाही, आणि ठेकेदारानं तर मुळीच नाही.

आमच्या जुन्या लेआउटमधल्या घरांत पहिली लाइन बहुतेक स्टोनवेअरची निघते. भाजलेल्या मातीचा, वरून चकचकीत मुलामा दिलेला तपकिरी पाइप. वस्तू म्हणून तो फार टिकाऊ. ॲसिड, साबण, गरम पाणी, कशाचंही त्याला काही होत नाही. त्याचं दुखणं जोडात असतं. एक तुकडा जेमतेम दोन फुटांचा, म्हणजे तीस फुटांच्या लाइनीत पंधराएक जोड. प्रत्येक जोडात सिमेंटच्या रबडीत बुडवलेली सुतळी ठासायची, वर एकास एक मसाल्याची तिरपी किनार काढायची. हे काम मनापासून करणारा मिस्त्री असेल तर लाइन दोन पिढ्या चालते. घाईत केलेलं असेल तर दहा वर्षांतच कळतं.

त्यात आपली जमीन. पश्चिम नागपुराखाली दख्खनचा काळा पाषाण, आणि त्याच्यावर बऱ्याच भागात काळी माती. मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या वर गेला की ही माती आक्रसते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात. मृग लागला की तीच माती पाणी पिऊन फुगते. दरवर्षी एकदा वर, एकदा खाली. पाइप ती ओढाताण सोसतो, जोडातला कडक मसाला सोसत नाही. त्याला केसाएवढी चीर पडते. ओल कुठून येते हे झाडाला आपल्याआधी कळतं.

अंगणातल्या कडुनिंबाचं मूळ लाइनीतून ओढून काढलं तेव्हाचं मला नेहमी आठवतं. बांबूच्या लांब कामट्यांनी ढिलं करत करत चेंबरमध्ये आणलं, तर वेणीसारखं गुंफलेलं, पाइपच्या पोकळीएवढं जाड असं लांबच लांब शेपूट बाहेर आलं. त्यात केस, साबणाचा पांढरा थर, भाताची शितं, सगळं अडकलेलं. शेवटचं टोक पाहिलं तर ज्या चिरेतून ते आत शिरलं होतं तिथं त्याची जाडी शिवायच्या दोऱ्याएवढी होती. एवढ्याशा वाटेनं आत येऊन त्यानं सगळी लाइन भरली होती. आता मशीननं मुळं कापून देणारे पुष्कळ आहेत आणि तातडीला तो उपाय ठीकच आहे. पण चीर तशीच राहते. कापलेलं मूळ पुढच्या पावसाळ्यात आणखी फांद्या फोडून येतं.

तर मूळ हा एक आजार झाला. जोड सरकणं हा दुसरा. पाइप चेंगरून फुटणं हा तिसरा, बहुतेक वेळा नंतर केलेल्या बांधकामाच्या किंवा गाडीच्या वजनानं. आणि लाइन बसणं, म्हणजे मधल्या भागाखालची माती जाऊन पाइपचा ढाळ मोडणं, हा चौथा, सगळ्यांत फसवा. वरून लक्षण एकच दिसतं, पाणी उतरत नाही. औषध मात्र प्रत्येकाचं वेगळं.

पाहायचं कसं? आमच्या मिस्त्रींकडं कॅमेरा नव्हता, आरसा होता. वरच्या चेंबरमध्ये पाइपच्या तोंडाशी टॉर्च धरायचा, खालच्या चेंबरमध्ये आरसा. आरशात उजेडाचं पूर्ण वर्तुळ दिसलं तर लाइन सरळ. अर्धचंद्र दिसला तर मध्ये कुठंतरी बसली किंवा सरकली. काहीच दिसलं नाही तर भरली. ही परीक्षा मी अजूनही कॅमेऱ्याच्या आधी करतो. दहा मिनिटांत अर्धं उत्तर मिळतं. दुसरी परीक्षा रंगाच्या पाण्याची. संडासात रंग घातलेलं बादलीभर पाणी ओतायचं, खालच्या चेंबरला किती वेळानं येतं आणि किती येतं ते पाहायचं. बादलीभर ओतून तांब्याभरच आलं, तर उरलेलं कुठं गेलं हे शोधणं आलं.

प्रतापनगरकडच्या एका घराचं काम इथं सविस्तर सांगतो, कारण निवडीचे सगळे पेच त्या एका घरात होते.

मूळ घर तीन खोल्यांचं. संडास-बाथरूम मागच्या अंगणात, बाजूच्या भिंतीला लागून, आणि त्यांची लाइन मागच्या गल्लीतल्या सार्वजनिक लाइनला जोडलेली. पुढं कुटुंब वाढलं. मागच्या अंगणात स्वयंपाकघर आणि एक बेडरूम झाली आणि संडास-बाथरूम घराच्या मध्यावर आलं. मागच्या गल्लीत दोन्ही बाजूंची घरं थोडी थोडी सरकली, इतकी की आता तिथं माणूस आडवा होऊन जातो. लाइन मात्र जिथं होती तिथंच राहिली, आधी स्वयंपाकघराखाली, मग बेडरूमखाली. मधलं एक चेंबर फरशीखाली गाडलं गेलं आणि ते आहे हेच घरातली माणसं विसरली.

घरात काकू एकट्या. मुलगा पुण्याला. काकू म्हणाल्या, “पाणी जाऊनच नाही राहिलं हो. दर दोन महिन्यांनी माणूस बोलावते. तो येते, मशीन फिरवते, पैसे घेते अन् जाते. चार दिवस बरं राहते, मग पुन्हा तेच.” फरशीबद्दल त्यांचं म्हणणं स्पष्ट होतं. स्वयंपाकघरातली मोझेक काकांनी स्वतः उभं राहून बसवून घेतली होती, पॉलिशच्या वेळी सुट्टी टाकून. ती फोडायची नाही. मुलानं फोनवरच उपाय ठरवला होता. “पाइपच्या आत पाइप तयार करतात, खोदावंच लागत नाही. तेच करू. खर्चाचं मी पाहतो.”

दोघांचंही मला समजत होतं. मी म्हटलं, आधी आत काय आहे ते पाहू.

कॅमेरा म्हणजे लांब लवचीक केबलच्या टोकाला अंगठ्याएवढं भिंग, त्याभोवती बारीक दिवे, आणि पडद्यावर किती फूट आत गेलो याचा आकडा. पहिला टप्पा बरा निघाला. जोडाजोडांत मुळं डोकावत होती, पण पाइप गोल होता, पाणी वाहत होतं. पुढं बेडरूमखाली पडद्याच्या खालच्या काठाला पाण्याची रेघ दिसायला लागली. केबल ढकलली तशी रेघ वर चढली, आणि मग भिंग सगळंच गढूळ पाण्यात बुडालं. बरंच अंतर तसंच बुडालेलं. मध्ये एका ठिकाणी पाणी जरा निवळलं तेव्हा सरकलेला जोड दिसला. दोन तुकड्यांची तोंडं एकमेकांपासून पाऊण इंच हटलेली आणि फटीत काळी माती. माझ्याबरोबरचे मिस्त्री पडदा पाहून म्हणाले, “भाऊ, थे पाइप तं पुरा बसला हाये. खालची माती पाण्यानं नेली नं.”

तेच झालं होतं. जोडातून पाणी झिरपायचं, खालची माती मऊ होऊन हळूहळू निघून जायची, पाइप आणखी बसायचा. बसला की पाणी साचायचं, साचलं की आणखी झिरपायचं. मुळं हा या घराचा अर्धाच आजार होता. मशीनवाला मुळं कापत होता आणि बसलेल्या भागात मैला पुन्हा थांबत होता.

आणि झिरपलेलं पाणी जात कुठं होतं? बाजूच्या मोकळ्या जागेत घराची विहीर होती. जुन्या नागपुरी घरांत अशी विहीर बरेचदा असते. काकू ते पाणी पीत नव्हत्या, पण झाडांना, धुण्याला, भांड्यांच्या पहिल्या हाताला वापरत होत्या. मी विचारलं, वास येतो का? त्या जरा थांबून म्हणाल्या, “मागच्या पावसाळ्यापासून येते. मला वाटलं पानं पडून कुजले असतील.” विहिरीचं पाणी त्या दिवसापासून भांड्यांना, धुण्याला बंद करायला सांगितलं. आता हे काम पुढच्या उन्हाळ्यावर टाकता येणार नव्हतं. गळक्या लाइनीचा प्रश्न लोक वासाचा किंवा लाजेचा समजतात. तो आधी पिण्या-वापरायच्या पाण्याचा असतो. वस्तीत विहिरी, बोअर आणि नळाची लाइन सगळं त्याच मातीत शेजारी शेजारी आहे.

मुलानं सुचवलेल्या पद्धतीबद्दल माझ्या मनात आदर आहे, म्हणून ती नीट सांगतो. जाड फेल्टसारख्या कापडाची नळी, म्हणजे लायनर, घेतात, ती रेझिनमध्ये भिजवतात, पाण्याच्या किंवा हवेच्या दाबानं जुन्या पाइपात उलटी करत सरकवतात. मग गरम पाणी, वाफ किंवा अतिनील प्रकाश देऊन तिला आतच कडक करतात. काही मिलिमीटर जाडीचा, जोड नसलेला नवा पाइप जुन्याच्या आत तयार होतो. लंडनच्या हॅकनी भागात एरिक वुड यांनी १९७१ मध्ये शंभर वर्षांचा जुना पाइप असा पहिल्यांदा दुरुस्त केला. आता मोठ्या शहरांत रस्त्याखालच्या जुन्या गटारांना ही पद्धत वापरतात आणि वाहता रस्ता खणण्यापेक्षा ती पुष्कळ सोयीची पडते. मुळांचा बंदोबस्त तर उत्तम होतो, कारण चीरच उरत नाही.

पण नवी नळी जुन्या पाइपचाच आकार घेते. जुना बसलेला असेल तर नवीही बसलेलीच होणार. काकूंच्या बेडरूमखाली जिथं पाणी साचत होतं तिथं लायनर टाकल्यावरही पाणी साचलंच असतं, फक्त झिरपलं नसतं. मैला थांबायचा तो थांबलाच असता. शिवाय मधलं गाडलेलं चेंबर आधी शोधून उघडावंच लागणार होतं. मी कॅमेऱ्याचं चित्रण मुलाला पाठवलं आणि पाण्याची रेघ कुठं चढते ते पाहायला सांगितलं. तो शिकलेला मुलगा, दोन वेळा पाहिलं आणि स्वतःच म्हणाला, “म्हणजे खड्डा तसाच राहणार.”

जुना पाइप आतून फोडत फोडत त्याच वाटेनं एचडीपीईचा नवा पाइप ओढून नेण्याचीही एक पद्धत आहे. फुटलेले तुकडे बाजूच्या मातीत दाबले जातात. खोलवरच्या लाइनीला ती चालते. इथं पाइप फरशीपासून दोन-अडीच फुटांवर, वर भिंत. जोर वर आला तर फरशी उचलली जाणार. तो विचार लगेच सोडला.

उरले दोन मार्ग. एक, त्याच वाटेनं खोदून पाइप बदलणं. म्हणजे दोन खोल्यांची फरशी, मधल्या भिंतीच्या पायाशेजारून चर, आणि काळ्या मातीत पायाशेजारी चर घेणं मला कधीच आवडत नाही. त्याहून मोठी अडचण दुसऱ्या टोकाला होती. मागच्या गल्लीतलं सार्वजनिक चेंबर आता कोणाच्या तरी ओट्याखाली गेलं होतं. नवाकोरा पाइप टाकून तो अशा ठिकाणी जोडायचा जिथं उद्या झाकण उघडता येत नाही, हे मला पटेना.

दुसरा मार्ग, जुनी वाट सोडून बाजूच्या मार्जिनमधून लाइन पुढच्या रस्त्याला आणणं. शेजारी-पाजारी सगळे म्हणाले, हे व्हायचंच नाही, रस्ता सिमेंटचा झाला तेव्हापासून घरापेक्षा उंच आहे, पाणी चढणार कसं? हा गैरसमज मला वस्त्यावस्त्यांत भेटतो. रस्ता वर आला म्हणून त्याच्याखालचा पाइप वर येत नाही. चेंबरची मान उंच करतात, पाइप जुन्याच खोलीवर असतो. पाहायचं असतं ते पाइपच्या तळाचं लेव्हल, रस्त्याच्या पृष्ठभागाचं नाही.

ते आम्ही पाणी भरलेल्या पारदर्शक नळीनं पाहिलं. एक टोक बाथरूमच्या उंबऱ्याशी, दुसरं रस्त्याच्या कडेच्या चेंबरशी. नळीतलं पाणी दोन्हीकडं एकाच पातळीला राहतं, त्यावरून मोजत खाली जायचं. आमच्या धंद्यात जुना आडाखा आहे: चार इंची पाइपला चाळीसात एक ढाळ, सहा इंचीला साठात एक. नव्या वाटेची लांबी साठ फूट भरत होती. चार इंची टाकला तर दीड फूट उतार हवा, सहा इंची टाकला तर एक फूट. संडासाच्या पाइपच्या तळापासून रस्त्याच्या चेंबरमधल्या तळापर्यंत आमच्या हातात दोन फुटांहून थोडा जास्त उतार होता. काम होणार होतं. नशीब म्हणजे चेंबर घराच्याच बाजूला, पेव्हर ब्लॉकच्या पट्टीत होतं, सिमेंटचा रस्ता कापायची गरज नव्हती. जोडणीचा अर्ज झोन कार्यालयात द्यावा लागतो, तो दिला. परवानगीशिवाय रात्रीत जोडून टाकणारे लोक आहेत. मी ते करत नाही, कारण अशा जोडणीची पुढं कुठं नोंदच राहत नाही.

काकूंना सांगितलं, स्वयंपाकघरातल्या गाडलेल्या चेंबरपाशी दोन टाइल उचलाव्या लागतील, बाकी मोझेकला हात लागणार नाही. चेंबर शोधलं ते फरशीवर लोखंडी पहारीच्या टोकानं हळूहळू ठोकत. फ्रिजच्या मागं आवाज पोकळ आला.

कामाचं म्हणाल तर पाइप टाकणं सोपं असतं, त्याच्या खाली काय टाकतो यावर सगळं आहे. चर हवा त्यापेक्षा सहा इंच जास्त खोल घेतला, तळाची काळी माती काढून टाकली, त्या जागी रेती भरून दाबली. पाइपच्या बगलांतही रेती. वरून मुरूम थराथरानं, पाणी मारून, धुमसून. असं केलं की काळ्या मातीची हालचाल थेट पाइपवर येत नाही. पाइप जमिनीखालच्या कामाचा जाड यूपीव्हीसी, सोल्यूशननं चिकटवलेल्या जोडाऐवजी रबरी रिंगचा, म्हणजे जोड थोडा हलला तरी फुटत नाही. आमच्या उन्हात हा पाइप लांबतोही. भर दुपारी टाकून घट्ट बसवला तर रात्री आखडतो, म्हणून टोक रिंगमध्ये पूर्ण न ठोकता किंचित मागं ओढून ठेवायचं. जिथं वळण तिथं चेंबर. दोन लाइनी मिळतात तिथं काटकोनी टी नाही, वाहत्या दिशेला वळणारा वाय. माती लोटण्याआधी खालचं तोंड बंद करून लाइन पाण्यानं भरली, वरच्या चेंबरला खडूची खूण केली आणि रात्रभर ठेवली. सकाळी पाणी खुणेवर होतं.

जुनी लाइन तशीच सोडून देणं ही फार प्रचलित चूक आहे. पोकळ पाइपात घुशी राहतात, आणि खालची माती आधीच गेलेली असली तर कधीतरी वरची फरशी बसते. गाडलेल्या चेंबरमधून आम्ही पातळ सिमेंट-रेतीचा घोळ ओतून ती भरून टाकली, दोन्ही तोंडं काँक्रीटनं बंद केली. मग दोन टाइल परत बसवल्या.

त्याच घरात आणखी एक गोष्ट निघाली, आणि ती नागपुरातल्या कितीतरी घरांत आहे. गच्चीचं पावसाचं पाणी गडर लाइनीत सोडलेलं होतं. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर शंभर मिलिमीटर पाऊस पडला तर नऊ हजार लिटरहून जास्त पाणी होतं. संडासाच्या पाइपानं ते सोसायचं कसं? अशी हजार घरं एका लाइनीला जोडलेली असली की रस्त्याखालची लाइन तुंबते आणि खालच्या वस्तीत घरांच्या संडासांतून उलटी येते. काकूंचा पावसाचा पाइप वेगळा काढला. विहीर उपसून, साफ करून, पाणी तपासून घेतल्यावर तो गाळणीतून विहिरीला जोडायचं ठरलं.

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचं पाणी काठच्या वस्त्यांत शिरलं. माणसं गेली, हजारो घरांत चिखल झाला. त्यानंतरचे महिने मी त्या पट्ट्यात काम केलं. ज्यांनी ‘लाइन फुटली’ म्हणून बोलावलं त्यांच्यापैकी बऱ्याच घरांत लाइन अजिबात फुटलेली नव्हती. नदीच्या पातळीनं सार्वजनिक लाइन भरली, ती घरच्या लाइनीतून उलट आली आणि मागं गाळ ठेवून गेली. तिथं खोदायचंही नव्हतं आणि लायनरही नको होता. दाबाच्या पाण्यानं गाळ धुवायचा, कॅमेऱ्यानं खात्री करायची, आणि शेवटच्या चेंबरमध्ये पाणी एकाच दिशेला जाऊ देणारा व्हॉल्व्ह बसवायचा. तो व्हॉल्व्हही हाताला येईल अशा जागी, कारण त्याच्या झडपेत कचरा अडकला की तो असून नसल्यासारखा. पावसाळ्यापूर्वी उघडून धुवावा लागतो. घाबरलेल्या माणसाला त्या दिवसांत काहीही विकता आलं असतं. काहींनी विकलंही, चांगल्या लाइनी उखडून नव्या टाकल्या. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

पद्धत ठरवताना मी एक गोष्ट खर्चाच्याही आधी धरतो, ती म्हणजे पुढं ही लाइन साफ कोण करणार आणि कशी. शहराबाहेरच्या नव्या लेआउटांत सार्वजनिक लाइन अजून पोचलेली नाही, घरोघर सेप्टिक टँक आहेत. तिथं अजूनही कोणीतरी सहज म्हणतं, “एखादा माणूस उतरवा नं, पटकन होऊन जाईल.” बंद टाकीत आणि खोल चेंबरमध्ये हायड्रोजन सल्फाइड असतो. थोडा असला तर सडक्या अंड्याचा वास येतो, जास्त असला तर वास घ्यायची शक्तीच जाते आणि माणूस कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही जातो. हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेविरुद्धचा कायदा २०१३ चा आहे, त्यात गटार आणि सेप्टिक टँकच्या धोकादायक सफाईसाठी माणूस लावणं हा गुन्हा आहे. सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये अशा मृत्यूसाठी दहा लाखांची भरपाई ठरवली, ऑक्टोबर २०२३ मध्ये ती तीस लाख केली. भरपाई वाढवावी लागली, म्हणजे माणसं मरत राहिली. ही माणसं पिढ्यान् पिढ्या कोणत्या जातींतून येतात हे या शहराला सांगायला नको. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५६ मध्ये धम्मदीक्षा दिली ती दीक्षाभूमी माझ्या बऱ्याच कामांच्या वाटेवर लागते.

म्हणून मी माणूस उतरवत नाही, उतरवणाऱ्याबरोबर काम करत नाही, आणि लाइन आखताना असं काही ठेवत नाही की उद्या कोणाला हात किंवा डोकं आत घालावं लागेल. चेंबर उथळ, वळणावर, मोकळ्या जागेत. लांब सरळ टप्प्यात सफाईचं तोंड. सेप्टिक टँकचं झाकण उपसणाऱ्या गाडीचा पाइप पोचेल अशा बाजूला. यात पाइपचे दोन-चार तुकडे आणि एखादं चेंबर वाढतं. घरमालक कुरकुरले तर मी कारण सांगतो, बहुतेकांना पटतं. ज्यांना पटत नाही त्यांचं काम मी घेत नाही.

घरातून गेलेलं हे पाणी पुढं कुठं जातं हेही मी सांगतो, कारण लोकांना ते ऐकायला आवडतं. भांडेवाडीच्या केंद्रात शुद्ध केलेलं सांडपाणी कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राला दिलं जातं. तेवढं स्वच्छ पाणी वाचतं. जे लाइनीत न राहता नाल्यात जातं ते नाग नदीतून कन्हानला, तिथून वैनगंगेला आणि गोसीखुर्दच्या धरणात. काकूंच्या बेडरूमखालचा पाऊण इंचाचा जोड या सगळ्याला जोडलेला आहे.

सध्या महालमधल्या एका वाड्याचं काम समोर आहे. तीन भावांची घरं एकाला एक लागून, लाइन तिघांची एकच, मधल्या भावाच्या देवघराखालून जाते. बाजूला मार्जिन नाही, गल्ली एवढी अरुंद की हातगाडी अडकते. थोरल्यांचं म्हणणं खोदा, मधल्यांचं म्हणणं देवघर सोडून काहीही करा, धाकट्यांचं म्हणणं खर्च आम्ही का द्यायचा, चोक तर तुमच्याकडं होते. कॅमेरा टाकला तर जोडाजोडांत मुळं आहेत, दोन ठिकाणी पाइपला लांब तडा आहे, पण पाण्याची रेघ कुठंच चढत नाही. ज्या कोणी ती लाइन टाकली त्यानं ढाळ फार नीट धरलेला आहे. आरशातही पूर्ण वर्तुळ दिसलं.

इथं मी लायनरच सुचवला आहे. चार इंची घरगुती लाइनीचं हे काम करणारी माणसं बाहेरगावाहून बोलवावी लागतात, म्हणून खर्च जास्त दिसतो. त्यांच्याकडून लेखी घ्यायचं आहे की धाकट्यांच्या बाथरूमची लाइन मध्येच येऊन मिळते ते तोंड लायनर बसल्यावर आतून कापून मोकळं करून देतील, आणि काम झाल्यावरचं कॅमेऱ्याचं चित्रण तिघांनाही देतील. दोन्ही टोकांची चेंबरं आधी दुरुस्त करायची आहेत. अंतरं मांडून लाइनीचा नकाशा मी काढला आहे, त्याच्या तीन प्रती केल्या आहेत, आणि रविवारी तिघांनी एकत्र बसायचं कबूल केलं आहे.